खत, चोपडी आणि आसूड



साहित्यात आणि इतिहासात माणसाचा स्वभाव कसा उमटतो, समाजातले झगडे कसे उमटतात, असा आजचा विषय आहे. एवढ्या ऐसपैस विषयावर तासभर बोलायचे तर विधाने हवेत जातात. म्हणून मी एका गावात, एका वर्षात पाय रोवून बोलणार आहे. गाव सुपे. तेव्हा ते पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. वर्ष १८७५. आणि हातात धरायची वस्तू एकच, कर्जाचे खत.

व्याख्याने ऐकायला जमणाऱ्या आपल्यासारख्यांना १८७५ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक असते. पुण्यात माधवराव रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच साली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला त्याच्या आदल्याच वर्षी निघू लागली होती. मराठी गद्य बाळसे धरत होते, छापखाने चालू होते, सार्वजनिक सभेच्या बैठका भरत होत्या. आणि त्याच १८७५ च्या १२ मे रोजी, पुण्यापासून चाळीसेक मैलांवर, ज्यांतल्या बहुतेकांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते अशा माणसांनी भर रस्त्यात लिहिलेल्या कागदांची होळी केली.

सुपे हे बाजारपेठेचे गाव. गुजर आणि मारवाडी सावकारांची, वाण्यांची दुकाने तिथे बरीच. आजूबाजूच्या खेड्यांतली रयत त्या दिवशी एकत्र आली, दुकानांवर चालून गेली आणि तिने चोपड्या आणि खते मागितली. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट १५ तारखेला, शनिवारी, तिथे पोचले. दुसऱ्या दिवशी कमिशनरला पाठवलेल्या पत्रात त्यांनी जे लिहिले त्यावरून चित्र उभे राहते. एका सावकाराचे घर जळाले होते, डझनभर घरे फोडून रिकामी केलेली होती. हिशेबाचे कागद, खते, धान्य आणि देशी कापड रस्त्यावर जाळले होते. तीन दिवसांनंतरही राखेचे ढीग तसेच होते. पोलिसांनी पन्नास जणांना पकडले होते आणि दोन हजार रुपयांचा माल परत मिळवला होता. नुकसानीचा अंदाज पंचवीस हजारांच्या वर होता. सावकार मात्र लाखाच्या वर सांगत होते.

हे लोण नगर जिल्ह्यात गेले. पुढच्या दोनेक महिन्यांत तीसहून अधिक गावांत असेच प्रकार झाले. सरकारदरबारी त्याला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले आणि तेच नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसले. पण या दंग्यांबद्दल नेमलेल्या आयोगाचा अहवाल वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. जमावाचा रोख जवळजवळ सगळीकडे कागदावर होता. सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली, की बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथेच संपे. लोक ती फाडत, जाळत आणि पांगत. जीवघेणी हिंसा फारच थोडी झाली. इतक्या वर्षांची जळजळ पोटात असताना, समोरचा माणूस एकटा आणि आपण शेकड्यांनी असताना, हात आवरतो ही साधी गोष्ट नाही. जमाव म्हटला की बेभान असणारच, असे आपण फार सहज धरून चालतो. या दंग्यांतला जमाव बहुतेक ठिकाणी आपल्याला नेमके काय हवे आहे हे ओळखून होता.

त्याच्या आधीची तयारीही पाहण्याजोगी आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी, १८७४ च्या डिसेंबरात, काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या घरंदाज कुणब्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या देण्यापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडले. देशमुखाचे घर पडते म्हणजे गावाची अब्रू पडते. गावाने सावकारांना वाळीत टाकले. त्यांची जमीन कोणी कसायची नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, परटाने धुणे न्यायचे नाही, कोणी पाणी भरायचे नाही. जो हा ठराव मोडेल त्याचेही काम बलुतेदारांनी नाकारायचे. हेच करार पुढे इतर गावांत झाले. शेवटी सावकारांची कुटुंबे सामानसुमान बांधून शिरूरच्या आश्रयाला गेली. गावकीने शतकानुशतके ज्या हत्याराने आपल्यातल्या दुबळ्यांना जरबेत ठेवले होते, तेच हत्यार इथे पैसेवाल्यावर चालवले. ते किती धारदार असते हे आपल्या महाराष्ट्रात ज्यांच्या पाणवठ्यावर बंदी होती त्यांना विचारावे. न्याय्य कारणासाठी चालले म्हणून ते हत्यार चांगले ठरत नाही, आणि करड्याच्या लोकांजवळ दुसरे कोणतेही हत्यार नव्हते हेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही वाक्ये मला एकाच दमात म्हणावी लागतात.

आता कागदाकडे येऊ. लोकांचा राग त्याच्यावरच का होता?

आपल्याकडे कर्ज काही इंग्रजांनी आणले नाही. सावकार जुनाच होता, कुळही जुनेच होते. पण जुन्या चालीत दामदुपटीची मर्यादा होती, व्याज मुद्दलाच्या वर जायचे नाही. आणि गाव नावाचा एक साक्षीदार असे. सावकारालाही त्याच गावात राहायचे असे, पाटलाशी जमवून घ्यायचे असे. इंग्रजी अमलात रयतवारी आली, दिवाणी कोर्टे आली, आणि कोर्टासमोर गावाची आठवण निकालात निघाली. तिथे खत बोलू लागले. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या बाजूने ते बोलणार हे उघड आहे.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. खत तीनच वर्षे चालेल, म्हणजे व्याजावर व्याज साचणार नाही, असा हेतू. हेतू चांगला होता. सावकाराने काय केले, तर दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू. कायदा रयतेच्या संरक्षणासाठी आला आणि चक्रवाढीचे वेळापत्रक होऊन बसला. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले.

त्या अहवालातला एक दस्तऐवज मला विसरता येत नाही. एका कुणब्याने कर्जापोटी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकल्याचे लिहून दिले आहे. आणि लगेच, त्याच गाड्या आणि तेच बैल आपण सावकाराकडून भाड्याने घेतल्याचे कबूल केले आहे. महिन्याचे भाडे चार रुपये. भाडे दिले की सावकाराच्या हातची पावती घ्यायची, आणि पावती नसेल तर मी भाडे दिले असे म्हणणार नाही, हेही त्यानेच लिहून दिलेले. जरा थांबून हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. बैल त्याच गोठ्यात आहेत. सकाळी तोच माणूस त्यांना पाणी दाखवतो, तोच पाठीवरून हात फिरवतो. त्यांची नावे त्यानेच ठेवलेली. पण आता ते परक्याचे आहेत, आणि ते आपले होते हे सांगायची सोयही त्याने स्वतःच्या अंगठ्याने बंद केली आहे. एकाही शिवीशिवाय, एकाही फटक्याशिवाय केलेला हा अपमान आहे. दंगा समजून घ्यायला मला तो जळलेल्या घरापेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या रयतेचा एक अर्जही आयोगाच्या कागदांत आहे. कपडालत्ता आणि धान्य आम्हाला रोखीच्या भावाने मिळत नाही, पंचवीस ते पन्नास टक्के चढे लावतात. शेतातला माल घेऊन जातात तेव्हा खात्यात जमा करू म्हणतात आणि जमा करीत नाहीत. नेलेल्या मालाची पावती देत नाहीत. अर्जाचा आशय असा. शेवटच्या तक्रारीकडे लक्ष द्या. धान्य गेल्याच्या दुःखाइतकेच ते कुठे लिहिले गेले नाही याचे दुःख त्यात आहे. निरक्षर माणसाला लेखणीची सत्ता अशी अंगावरून कळते.

म्हणून जाळायची ती चोपडी.

इथपर्यंत कथा सरळ आहे. गरीब कुणबी, लबाड सावकार, आणि राखेचा ढीग. या वळणावर इतिहासाला आणि साहित्याला दोघांनाही थांबायचा मोह होतो, आणि इथे थांबणे मला मान्य नाही.

सुप्याच्या रयतेला गळ्यापर्यंत नेणारे हात दूर होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद पडला आणि सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. मुंबईच्या पेढ्यांतून पैसा तालुक्याच्या सावकारांपर्यंत आला, आणि काल दारात उभे न करणारा सावकार कापसाच्या एकरी शंभर रुपये आगाऊ देऊ लागला. काही जणांचे बरे झाले, पुष्कळांचे कर्ज वाढले. १८६५ मध्ये ते युद्ध थांबले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडते घेतले. नेमक्या त्याच काळात, १८६७ पासून, तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत संपून इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांत फेरआकारणी झाली. सारा कुठे निम्म्याने वाढला, कुठे दुपटीवर गेला. पीक उतरते, भाव उतरते आणि सारा चढता. सारा रोखीत भरायचा आणि रोकड सावकाराकडे.

आता त्या रयतेच्या जागी उभे राहा. मँचेस्टर दिसत नाही. अमेरिकेतली लढाई दिसत नाही. मुंबईच्या सेक्रेटरिएटमध्ये कोणी आकडे वाढवले ते दिसत नाही. दिसतो तो पेठेतला दुकानदार, त्याची गादी, त्याची चोपडी, त्याचे वेगळे बोलणे. रागाला हाताशी माणूस लागतो. तो दंग्यात सापडला.

याला जोडून आणखी एक गोष्ट, जी आपण महाराष्ट्रात फारशी बोलत नाही. सावकारी करणारे एकटे गुजर-मारवाडी नव्हते. ब्राह्मण सावकार होते, इतर स्थानिक जातींचेही होते. आयोगाने नोंदवले आहे की जिथे दोन्ही प्रकारचे सावकार होते, तिथेही बहुधा मारवाडी आणि गुजरच भरडले गेले. व्याजाचे दर पाहून जमाव घर निवडत नव्हता, माणूस आपला की उपरा हे पाहून निवडत होता. दंग्यांतल्या जमावाच्या शिस्तीचे मी मघाशी कौतुक केले. ते कौतुक मी मागे घेत नाही. पण ज्या माणसांनी हात आवरला, त्याच माणसांनी दरवाजे जात पाहून निवडले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, त्याच हातांनी झाल्या.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अफवा. खेड्यापाड्यांत बातमी पसरली होती की एका साहेबालाही मारवाड्याने कर्जापायी नागवले, त्याने विलायतेला राणीकडे अर्ज केला, आणि मारवाड्यांनी सगळी खते परत करावीत असा राणीचा हुकूम सुटला आहे. या अफवेला हसू नका. तिच्यात एक आख्खे राजकारण आहे. जिच्या नावाने वाढीव सारा वसूल होत होता त्या राणीलाच लोकांनी आपल्या बाजूची केली. आपण बंड करतो आहोत हे त्यांना स्वतःशीही कबूल करायचे नव्हते. आपण हुकूम बजावतो आहोत, अशी समजूत त्यांना हवी होती. अत्याचार खालचे अधिकारी करतात, वरच्याला कळले तर तो न्याय करील, ही माणसाची समजूत फार चिवट आहे. आणि ही अफवा तरी काय आहे? ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी तोंडी रचलेली ती कथाच आहे. इतिहासाच्या अहवालात अडकून राहिलेले ते साहित्य आहे.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्याचा निष्कर्ष असा की साऱ्याचा दोष नाही, दोष सावकाराचा. आयोगातल्या ऑकलंड कॉल्व्हिन यांना हे पटले नाही; फेरआकारणीवर त्यांनी वेगळे टिपण लिहून बोट ठेवले. पण सरकारने जवळचा माणूस निवडला. म्हणजे या एका बाबतीत राज्यकर्त्याची आणि सुप्याच्या रयतेची नजर एकाच ठिकाणी जाऊन थांबली. रयतेला दूरचे दिसत नव्हते, सरकारला ते दाखवायचे नव्हते.

दूरचे पाहण्याचे काम मग कोणी केले? मराठीत ते एका लेखकाने केले. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला. दंगे, मग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ, मग १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, एवढे सगळे घडून गेल्यावरचे हे पुस्तक आहे. फुल्यांनी त्याचे भाग गावोगावी वाचून दाखवले, बडोद्याला सयाजीरावांपुढेही वाचले. छापून येण्याआधी ऐकले गेलेले हे पुस्तक आहे, आणि त्याची भाषा आजही ऐकायची भाषा वाटते.

फुले सावकाराला सोडत नाहीत. पण सावकारापाशी थांबतही नाहीत. त्यांचे बोट कुलकर्ण्याकडे जाते, कचेरीतल्या कारकुनाकडे जाते, कोर्टाकडे जाते, ऐषआरामी गोऱ्या साहेबाकडे, साऱ्याकडे, परदेशी मालाने बुडालेल्या कारागिरांकडे, जंगलखात्याने हिरावलेल्या गायरानाकडे. आणि जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या दारात दक्षिणेसाठी उभ्या राहणाऱ्या धर्मव्यवहाराकडे तर सगळ्यात आधी. शेतकऱ्याच्या लग्नकार्यातल्या चालींवरही ते बोलतात. सुप्याच्या जमावाला एक चोपडी दिसली होती. फुल्यांनी त्या चोपडीमागची सगळी दप्तरे ओळीने मांडली.

आणि मग ते एकदम जवळ येतात. सारा कमी व्हावा म्हणून साहेबाच्या छावणीवर गेलेला, रिकाम्या हाताने परतलेला एक शेतकरी स्वतःशीच बोलत बसतो. त्यानंतर त्याच्या घराचे वर्णन येते. गोठा, चूल, भांडी, अंथरूण, दुखणाईत, सगळे. मराठीत तोवर कोणी शेतकऱ्याच्या घरात इतका वेळ थांबले नव्हते. आयोगासमोर त्या माणसाला विचारले असते, तर त्याने मुद्दल सांगितले असते, व्याज सांगितले असते, सावकाराचे नाव सांगितले असते. तो एकटा असताना काय बडबडतो हे कोणताही आयोग नोंदवू शकत नाही. साहित्याची गरज लागते ती इथे. पुराव्याच्या कायद्यात न बसणारा पुरावा त्याला ऐकू येतो.

फुल्यांच्या लेखनात एक अडचण आहे आणि मी ती टाळणार नाही. त्यांनी कारकून आणि भट यांना जवळजवळ एकच करून टाकले. व्यवस्थेवरचा त्यांचा आसूड पुष्कळदा एका जातीच्या सरसकट पाठीवर पडतो. त्या काळात सरकारी खात्यांत ब्राह्मण कारकुनांचे केवढे वर्चस्व होते हे ध्यानात घेतले की त्यांचा राग समजतो. तरीही सुप्याच्या जमावाबद्दल जो प्रश्न उभा राहिला, राग कारणावर की जातीवर, तोच त्यांनाही विचारायला हवा. माझे उत्तर असे आहे की फुले रागाच्या भरात माणसे एकत्र बांधत असतील, पण कारणे ते सुटी करून दाखवतात. त्यांच्या काळातल्या कोणत्याही मराठी लेखकापेक्षा ती त्यांनी अधिक सुटी करून दाखवली आहेत.

आणि त्या काळच्या साहित्यिकांनी त्यांचे स्वागत कसे केले? निबंधमालेने त्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये ग्रंथकारांची सभा भरली होती. १८८५ मध्ये ती पुन्हा भरायची ठरली तेव्हा फुल्यांनाही निमंत्रण गेले. त्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांना आमच्या सुखदुःखाचा पत्ता नाही त्यांच्या सभेत येऊन आम्ही काय करावे, असा त्या पत्राचा रोख होता. आज आपण साहित्य संमेलनांचा इतिहास त्या सभेपासून मोजतो. म्हणजे मराठी साहित्य संमेलनाच्या मुळाशीच एक नकाराचे पत्र आहे. सामाजिक झगडा साहित्यात ‘प्रतिबिंबित’ होतो असे आपण म्हणतो, तेव्हा साहित्य कुठेतरी काठावर उभे आहे असा भास होतो. १८८५ मध्ये झगडा साहित्याच्या दारातच चालू होता.

आता आपल्याला दोनशे-अडीचशे वर्षे मागे जायचे आहे, देहूला. कारण या सगळ्या कथेत एक बाजू अजून आलेली नाही, सावकाराची.

तुकाराम बोल्होबा आंबिले हे वाण्याच्या, महाजनकीच्या घरातले. घरात देवघेव होती, कुळे होती, लोकांची खते होती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. सुप्याला ऋणकोंनी जे जाळले, ते इथे धनकोने स्वतः बुडवले.

या कथेतला मला सर्वांत खरा वाटणारा तपशील त्या अर्ध्या वाट्याचा आहे. चरित्रकारांना तुकोबा मोठे करायचे होते, तर सगळीच खते बुडवली असे सांगता आले असते. पण भावाचा वाटा बाजूला काढला गेला. कान्होबाला संसार चालवायचा होता. विरक्ती एकाला आली, म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. ज्याने गादीवर बसून वसुली पाहिली आहे, दारात आलेल्या कुळाचे तोंड पाहिले आहे, आणि मग स्वतःच दुष्काळात दिवाळखोर होऊन लोकांच्या नजरा झेलल्या आहेत, असा कवी आपल्याला लाभला. तुकोबांच्या गाथेत हिशेब, तारण, दिवाळे, भांडवल ही व्यवहाराची भाषा पदोपदी येते ती त्या गादीवरून आलेली आहे. कर्ज देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे अशी दोन्ही मने त्यांना आतून माहीत होती.

दोन्ही मने माहीत असलेला असा लेखक मराठीला त्यानंतर किती वेळा मिळाला? माझे उत्तर निराशेचे आहे. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. तरुण व्ही. शांतारामांनी त्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीकडे वळणारा शेतकरी केला. मूकपटाच्या त्या काळात, देवादिकांच्या चित्रपटांच्या गर्दीत, पडद्यावर शेतकऱ्याची झोपडी आणणे हे मोठे धाडस होते आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण सावकाराचे पुढे एक ठोकळेबाज सोंग झाले. कपाळाला गंध, कानाला भिकबाळी, तिरकी नजर. तमाशापटांनी ते सोंग झिजेपर्यंत वापरले. शिरूरकडे निघालेल्या गाडीत बसलेली काळूरामची बायको काय म्हणाली असेल, राजस्थानातून इतक्या दूर येऊन अनोळखी मुलखात दुकान मांडणाऱ्या माणसाची रात्रीची भीती कशाची असेल, वरच्या पेढीचे हप्ते त्यालाही भरायचे होते की नाही, हे कोणी लिहिले नाही. त्याची बाजू घ्या असे मी म्हणत नाही. त्याला माणूस म्हणून लिहा, म्हणजे त्याने केलेला अन्याय माणसाने केलेला अन्याय म्हणून कळेल.

इतिहासकारांचेही आपसात पटलेले नाही, हे जाता जाता सांगतो. रवींदर कुमारांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात हे दंगे इंग्रजी अमलाने गावाची जुनी घडी मोडल्याचे लक्षण म्हणून वाचले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिले की दंगे मुळात लहान होते आणि त्यांचे मिथक फुगवले गेले. संख्येच्या बाबतीत चार्ल्सवर्थ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण चार बैलांच्या त्या भाडेपत्राचे वजन गावांच्या संख्येवरून ठरत नाही.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. १८७९ च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांत कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले. त्या कायद्याखालच्या न्यायदानावर देखरेख करण्याचे काम पुढे रानड्यांकडेच आले. कायदा चांगला होता. आणि पुन्हा तेच झाले. गहाणखतावर कोर्ट प्रश्न विचारते, तर सावकार सरळ खरेदीखत लिहून मागू लागले. तोंडी वचन असे की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. गुजर-मारवाड्यांपैकी काहींनी खेड्यातली देवघेव आवरती घेतली, आणि त्यांची जागा हळूहळू गावातल्याच सधन शेतकऱ्याने घेतली. आता कर्ज देणारा त्याच जातीचा, त्याच भावकीतला, त्याच चावडीवर बसणारा. उपऱ्याला हाकलले म्हणजे सुटका होईल असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या नातवंडांनी सावकार आपल्याच आळीत पाहिला.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ मध्ये आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेल्या आणि शेतीत अडकलेल्या एकनाथची ती गोष्ट आहे. ती वाचताना मला सतत सुपे आठवत राहिले, कारण या कादंबरीच्या जगात जाळायला चोपडीच सापडत नाही. कर्ज सोसायटीचे आहे, बँकेचे आहे, बियाण्याच्या दुकानाचे आहे, पाहुण्याचे आहे. दूरच्या गोष्टी आणखी दूर गेल्या आहेत आणि हाताशी जो आहे तो नात्यातला आहे. १८७५ मध्ये बाहेर पडलेला राग इथे घरातच फिरतो, बापलेकांत, नवराबायकोत, भावाभावांत. आणि आपल्या काळात तो शेतकऱ्याने स्वतःवरच उलटवलेला आपण विदर्भात, मराठवाड्यात वर्षानुवर्षे पाहतो आहोत. सरकारी नोंदीत ती एक ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ आत्महत्या असते. मागे राहिलेल्या बाईला भरपाईसाठी पुन्हा कागद जमवावे लागतात. कर्जाचा पुरावा, सातबारा, वारस दाखला.

२०१४ मध्ये महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा आला. बेकायदा सावकारीतून खरेदीखताने गेलेली जमीन परत देण्याचा हुकूम करायचा अधिकार त्याने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. १८७९ नंतर जी पळवाट काढली गेली तिच्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी ठेवलेला हा हात आहे. या कायद्याखाली सुनावण्या होतात. अर्जदार सांगतो, ती विक्री नव्हती, तारण होते. सामनेवाला सांगतो, रीतसर विक्री झाली, साक्षीदार आहेत. दोघांच्या जमिनीला कित्येकदा एकच बांध असतो. १८७५ च्या आयोगाने गोळा केलेल्या जबान्यांइतकेच मोलाचे असे हे साहित्य आज, आपल्या भाषेत, आपल्या जिल्ह्यांत तयार होते आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या मागे लागावे, ही माझी विनंती आहे. आणि इथे बसलेल्या तरुण लेखकांना माझे सांगणे एवढेच, की अर्जदाराच्या घरी तुम्ही जालच. सामनेवाल्याच्या ओसरीवरही जाऊन बसा, त्याला बोलू द्या, आणि तो काय सांगतो ते लिहा.